जोतीराव फुले यांचा पक्षाघात आणि हृदयरुग्णांनी ओळखायचा ‘छोटा झटका’

थोडक्यात

• महात्मा जोतीराव फुले यांना जुलै १८८८ मध्ये पक्षाघाताचा झटका आला आणि शरीराची उजवी बाजू निकामी झाली. त्यानंतर सव्वादोन वर्षांहून थोडा अधिक काळ ते जगले.
• पहिल्या झटक्यानंतर दुसरा झटका येण्याचा धोका मोठा असतो. त्या काळी तो टाळण्याचे कोणतेही साधन नव्हते. आज आहे.
• हृदयाचा आजार असलेल्यांमध्ये बऱ्याचदा आधी काही मिनिटांचा छोटा झटका येतो आणि पूर्ण बरा होतो. त्याला मिनी स्ट्रोक किंवा टीआयए म्हणतात. तो बरा झाला तरी त्याच दिवशी रुग्णालयात जाणे आवश्यक असते.

शिराळा आणि वाळवा भागात पक्षाघाताला आजही अंगावरून वारे गेले असे म्हणतात. कोणी लकवा म्हणतो, कोणी अर्धांगवायू. नाव कोणतेही असले तरी आजार मेंदूचा असतो. मेंदूचा रक्तपुरवठा अडला किंवा मेंदूत रक्तस्राव झाला की शरीराची एक बाजू लुळी पडते. बऱ्याच रुग्णांमध्ये या आजाराचे मूळ मेंदूत नसून हृदयात असते, हे मात्र नातेवाइकांना माहीत नसते. हा विषय समजावण्यासाठी या लेखात आपल्या सर्वांच्या ओळखीच्या एका माणसाचे आयुष्य पाहू.

कटगुणचे गोऱ्हे, पुण्याचे फुले

जोतीरावांचे घराणे मूळचे सातारा जिल्ह्यातील खटाव तालुक्यातल्या कटगुण गावचे. आडनाव गोऱ्हे. घराणे पुण्यात आले, फुलांच्या व्यवसायात शिरले आणि फुले हे नाव कायमचे चिकटले. सावित्रीबाईंचे माहेर नायगाव, तेही आजच्या सातारा जिल्ह्यातलेच. शिराळ्याचा भागसुद्धा १९४९ पर्यंत सातारा जिल्ह्यातच होता, त्यामुळे जोतीराव आपल्याला लांबचे नाहीत. पुढे सत्यशोधक चळवळ याच मुलखात गावोगाव पोहोचली.

जोतीरावांचा जन्म ११ एप्रिल १८२७ चा. आई चिमणाबाई ते तान्हे असतानाच गेल्या. सगुणाबाई क्षीरसागर या नात्यातल्या बाईंनी त्यांना वाढवले. १८४० मध्ये सावित्रीबाईंशी लग्न झाले. मधे शाळा सुटली, शेतात काम केले, मग १८४१ मध्ये पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत पुन्हा नाव घातले.

तरुणपणी ते लहुजी वस्तादांच्या तालमीत जात. दांडपट्टा, नेमबाजी, कसरत असे सगळे शिकले. म्हणजे देह कमावलेला होता. आपल्या सांगली-कोल्हापूरकडे तालमीचे मोठे वेड आहे, म्हणून हे मुद्दाम सांगतो. पैलवान माणसाला काय होतेय, असा एक समज घरोघरी असतो. तरुणपणीचा व्यायाम चांगलाच, पण तो पन्नाशीनंतरचा रक्तदाब तपासायला येत नाही. पूर्वीचा मल्ल असो, नाहीतर आयुष्यभर उसाच्या फडात राबलेला शेतकरी, साठीच्या आसपास रक्तवाहिन्यांचे वय प्रत्येकाला मोजावे लागते.

चाळीस वर्षे न थांबलेले काम

१८४८ मध्ये जोतीरावांनी पुण्यात भिडे वाड्यात मुलींची शाळा सुरू केली आणि सावित्रीबाई तिथे शिकवू लागल्या. या कामापायी पुढच्याच वर्षी दोघांना वडिलांचे घर सोडावे लागले. १८६३ मध्ये फसवल्या गेलेल्या विधवांसाठी बालहत्या प्रतिबंधक गृह उघडले. १८६८ मध्ये घराजवळचा पाण्याचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला. २४ सप्टेंबर १८७३ रोजी सत्यशोधक समाजाची स्थापना झाली आणि त्याच वर्षी ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध झाले. १८७४ मध्ये बालहत्या प्रतिबंधक गृहात जन्मलेल्या यशवंतला या दांपत्याने दत्तक घेतले.

पोट भरण्यासाठी ते बांधकामाची कंत्राटे घेत. खडकवासला धरणाच्या कामाला त्यांनी बांधकामाचे साहित्य पुरवले होते. १८७६ ते १८८२ या काळात ते पुणे नगरपालिकेचे सभासद होते. याच काळात दुष्काळ पडला, तेव्हा धनकवडीला उपाशी मुलांसाठी त्यांनी अन्नछत्र चालवले. पुण्यात दारूची दुकाने वाढू लागली, तेव्हा त्यांनी त्याविरुद्ध लेखी तक्रार केली. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे शिक्षणाविषयी निवेदन दिले, १८८३ मध्ये ‘शेतकऱ्याचा असूड’ पूर्ण केले.

चाळीस वर्षांचा हा धबडगा पाहिला तर एक गोष्ट लक्षात येते. यात विश्रांतीला जागा नव्हती आणि डोक्यावर विरोधाचे ओझे सतत होते. पक्षाघात केवळ काळजीने होतो असे वैद्यकशास्त्र म्हणत नाही. पण वर्षानुवर्षे स्वतःच्या शरीराकडे लक्ष न देणारी माणसे पक्षाघाताच्या वाटेवर लवकर सापडतात, हे आम्ही डॉक्टर रोज पाहतो.

११ मे १८८८ रोजी मुंबईत मांडवीच्या कोळीवाड्यात जाहीर सभेत जनतेने त्यांना महात्मा ही पदवी दिली. त्यानंतर दोन महिन्यांतच झटका आला.

जुलै १८८८: उजवी बाजू गेली

जोतीराव तेव्हा ६१ वर्षांचे होते. पक्षाघाताने शरीराची उजवी बाजू निकामी झाली. लिहिणारा हातच गेला. त्यांचे मित्र आणि पुण्यातले नावाजलेले शल्यविशारद डॉ. विश्राम रामजी घोले यांनी उपचार केले. डॉ. घोले हे सत्यशोधक समाजाचेही कार्यकर्ते होते.

मेंदूची डावी बाजू शरीराची उजवी बाजू चालवते. म्हणजे जोतीरावांच्या मेंदूच्या डाव्या भागाला इजा झाली होती. बहुतेक माणसांमध्ये बोलण्याचे केंद्रही डावीकडेच असते, त्यामुळे उजवी बाजू जाणाऱ्या अनेकांची वाचाही जाते. जोतीरावांची विचारशक्ती आणि भाषा मात्र शाबूत राहिली, हे त्यांनी पुढे जे लिहिले त्यावरून स्पष्ट आहे.

डॉ. घोले यांच्या हाती तेव्हा काय होते? फारसे काहीच नाही. दंडाला पट्टा बांधून रक्तदाब मोजायचे यंत्र १८९६ मध्ये इटलीत तयार झाले. ऍस्पिरिन बाजारात आले १८९९ मध्ये. हृदयाचा आलेख, म्हणजे ईसीजी, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आला. रक्त पातळ ठेवणारे वॉरफरिन माणसांसाठी १९५४ पासून वापरात आले. मेंदूचा सीटी स्कॅन पहिल्यांदा १९७१ मध्ये लंडनमध्ये झाला. रक्ताची गुठळी अडकली की मेंदूत रक्तस्राव झाला, एवढा साधा फरकसुद्धा १८८८ मध्ये जगातल्या कोणत्याही डॉक्टरला खात्रीने करता येत नव्हता. रुग्णाची शुश्रूषा करायची आणि दुसरा झटका येऊ नये अशी आशा करायची, एवढेच हातात होते.

आज यातल्या बहुतेक गोष्टी तालुक्याच्या गावात किंवा दीड-दोन तासांच्या अंतरावर मिळतात. प्रश्न आपण त्यांच्यापर्यंत वेळेत पोहोचतो का, एवढाच उरतो.

हृदय आणि मेंदू यांचा संबंध

हृदयरुग्णाला पक्षाघाताचा धोका का जास्त असतो, हे समजून घेऊ. त्याची मुख्य कारणे चार आहेत.

१. अनियमित ठोके. हृदयाचे वरचे कप्पे नीट आकुंचन न पावता नुसते थरथरत राहतात. याला एट्रियल फिब्रिलेशन म्हणतात. पाट वाहता नसला की पाणी साचून शेवाळ धरते, तसे कप्प्यात साचलेल्या रक्ताची गुठळी होते. ती निसटून थेट मेंदूत जाऊ शकते. या आजारात पक्षाघाताचा धोका साधारण पाच पट होतो.

२. झडपांचा आजार. लहानपणी घसा धरून ताप आला, सांधे सुजले आणि त्यातून हृदयाची झडप खराब झाली, असे रुग्ण आपल्या ग्रामीण भागात आजही आहेत. याला संधिवाताचा हृदयरोग म्हणतात. झडप अरुंद झाली आणि ठोकेही अनियमित झाले, तर गुठळीचा धोका कित्येक पटींनी वाढतो. झडप बदलून कृत्रिम बसवली असेल तरी गुठळीचा धोका राहतोच.

३. हृदयविकाराच्या झटक्यानंतर दुबळे झालेले हृदय. हृदयाचा जो भाग हलत नाही, तिथे रक्त साचून गुठळी होऊ शकते. इको तपासणीत ती दिसते.

४. रक्तवाहिन्यांत साठलेली चरबी. हृदयाच्या रक्तवाहिन्या अरुंद झाल्या असतील, तर मानेतून मेंदूकडे जाणाऱ्याही अरुंद झालेल्या असू शकतात. उच्च रक्तदाब, मधुमेह, कोलेस्टेरॉल आणि तंबाखू ही दोन्हीकडची समान कारणे आहेत.

छोटा झटका: जो विसरला जातो

जोतीरावांचा पहिला झटका मोठा होता. उजवा हात गेला, त्यामुळे तो विसरणे शक्यच नव्हते. आपल्याकडच्या कित्येक हृदयरुग्णांचा पहिला झटका मात्र छोटा असतो. जेवताना हातातला घास पडतो. पाच-दहा मिनिटे जीभ जड होते, तोंड वाकडे होते, आणि मग सगळे पूर्ववत. गुठळी आली, थोडा वेळ अडली आणि विरघळली, असे आत घडलेले असते. हाच मिनी स्ट्रोक. बहुतेक वेळा तो तासाभरात पूर्ण बरा होतो.

घरचे म्हणतात पित्त झाले असेल, ऊन लागले असेल, रात्री झोप नव्हती. कोणी नजर काढतो. दुसऱ्या दिवशी भाताची लावणी असते किंवा उसाची तोड आलेली असते. माणूस कामाला जातो आणि गोष्ट तिथेच संपते.

पण ती संपलेली नसते. अमेरिकेत कॅलिफोर्नियातील सुमारे १,७०० मिनी स्ट्रोक रुग्णांचा एक अभ्यास २००० साली प्रसिद्ध झाला. त्यात पुढच्या तीन महिन्यांत दर दहांपैकी एकाला पूर्ण पक्षाघात झाला आणि त्यातल्या निम्म्यांना तो पहिल्या दोन दिवसांतच झाला. इंग्लंडमध्ये ऑक्सफर्डच्या डॉक्टरांनी मिनी स्ट्रोकच्या रुग्णांना वाट पाहायला न लावता लगेच तपासून औषधे सुरू केली, तेव्हा हेच प्रमाण सुमारे १० टक्क्यांवरून २ टक्क्यांवर आले. हा अभ्यास २००७ चा. औषधे फार महागडी किंवा नवी नव्हती. फरक वेळेचा होता.

लक्षणे अशी ओळखा

• तोंड: हसायला सांगा. एक कोपरा खाली ओघळतो का?
• हात: डोळे मिटून दोन्ही हात पुढे उचलायला सांगा. एक हात खाली येतो का?
• बोलणे: एक साधे वाक्य बोलायला सांगा. शब्द अडखळतात का, भलतेच येतात का?
• डोळे: एका डोळ्यापुढे अचानक पडदा आला का? अर्धी बाजू दिसेनाशी झाली का?
• तोल: चालताना अचानक एका बाजूला झोक जातो का?

यातले एकही लक्षण अचानक आले, मग ते दोनच मिनिटे का टिकेना, ते खरे समजा. लक्षणे कधी सुरू झाली ती वेळ लिहून ठेवा आणि १०८ क्रमांकावर फोन करा.

रुग्णालयात पोहोचेपर्यंत काय टाळायचे

• खायला-प्यायला काही देऊ नका. गिळता येत नसेल तर अन्न श्वासनलिकेत जाते.
• घरातली ऍस्पिरिनची गोळी देऊ नका. स्कॅन झाल्याशिवाय गुठळी आहे की रक्तस्राव हे कळत नाही, आणि रक्तस्रावात ऍस्पिरिन घातक ठरू शकते.
• रक्तदाब एकदम उतरवण्यासाठी जिभेखाली गोळी ठेवू नका. मेंदूचा रक्तपुरवठा आणखी कमी होतो.
• मालिश, झाडपाला, कबुतराचे रक्त यांत वेळ घालवू नका. हे उपाय गुठळी काढत नाहीत, पण वेळ मात्र नेतात.
• मधुमेह असेल तर साखर तपासा. साखर फार उतरली तरी पक्षाघातासारखीच लक्षणे दिसतात.

गुठळीमुळे झालेल्या पक्षाघातात ती विरघळवणारे इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. शिराळ्याच्या पश्चिमेला चांदोलीकडच्या वाड्यांमधून निघालेल्या रुग्णाचा बराच वेळ रस्त्यातच जातो. म्हणून घरात हृदयरुग्ण असेल तर कऱ्हाड, कोल्हापूर किंवा मिरजेत कोणत्या रुग्णालयात रात्रीही सीटी स्कॅन आणि हे इंजेक्शन मिळते, ते आजच विचारून ठेवा. तो फोन नंबर भिंतीवर लिहा. नागपंचमीच्या दिवशी शिराळ्यात रस्ते माणसांनी भरतात, तेव्हा कोणत्या वाटेने बाहेर पडायचे हेही ठरलेले असू द्या.

डाव्या हाताने लिहिलेले पुस्तक

आता पुन्हा जोतीरावांकडे येऊ. उजवा हात गेल्यावर त्यांनी डाव्या हाताने लिहायला घेतले. ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक’ हा त्यांचा शेवटचा ग्रंथ असा लिहिला गेला. १ एप्रिल १८८९ रोजी, म्हणजे झटक्यानंतर नऊ महिन्यांच्या आत, तो पूर्ण झाला. त्याआधी ४ फेब्रुवारी १८८९ रोजी यशवंतचे लग्न झाले. सत्यशोधक ज्ञानोबा ससाणे यांची मुलगी राधा घरात सून म्हणून आली.

ज्यांनी कधी दुसऱ्या हाताने सही करून पाहिली असेल, त्यांना या नऊ महिन्यांचे मोल कळेल. पक्षाघातानंतर मेंदू हळूहळू नव्या वाटा तयार करतो. त्यासाठी रोज सराव लागतो. पहिल्या तीन ते सहा महिन्यांत सुधारणा सर्वांत वेगाने होते, आणि त्यानंतरही ती पूर्ण थांबत नाही. म्हणून आम्ही फिजिओथेरपी लवकर सुरू करायला सांगतो. माणूस खाटेवर आहे म्हणून त्याला कामातून बाद करू नका. बटणे लावणे, शेंगा सोलणे, हिशेब लिहिणे, नातवंडांचा अभ्यास घेणे, जे जमेल ते करू द्या.

एक गोष्ट मात्र जपून सांगितली पाहिजे. प्रत्येकाला जोतीरावांसारखे लिहिता येईल असे नाही. इजा मेंदूच्या कोणत्या भागाला आणि किती झाली यावर ते अवलंबून असते. एखादा रुग्ण महिनोन्‌महिने गप्प बसत असेल, रडत असेल, तर तो जिद्द नसलेला माणूस नाही. पक्षाघातानंतर नैराश्य येणे हे सामान्य आहे आणि त्यावर औषध आहे. डॉक्टरांना तसे सांगा.

या काळात सगळा भार सावित्रीबाईंवर आला. त्या स्वतः साठीकडे झुकल्या होत्या. घरात पैशाची ओढाताण होती. १८९० मध्ये मामा परमानंद यांनी बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांना पत्र लिहून या कुटुंबाला मदत करावी अशी विनंती केली. ज्यांनी आयुष्यभर दुसऱ्यांसाठी खर्च केला, त्यांच्या घरी आजारपणात ही वेळ आली. आजही लांबलेल्या आजारात हेच घडते. पैसे संपतात आणि त्याबरोबर गोळ्या बंद होतात.

दुसरा झटका

आजार पुन्हा बळावला आणि २८ नोव्हेंबर १८९० च्या पहाटे, पहिल्या झटक्यानंतर सुमारे २८ महिन्यांनी, जोतीराव गेले. वय ६३. अंत्ययात्रेत टिटवे कोणी धरायचे यावरून वाद झाला, तेव्हा सावित्रीबाईंनी स्वतः पुढे होऊन ते हाती घेतले. डाव्या हाताने लिहिलेला ग्रंथ पुढच्या वर्षी छापून आला. यशवंत पुढे डॉक्टर झाले. पुण्यात प्लेग आला, तेव्हा त्यांच्या दवाखान्यात रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाईंनाच लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या.

पहिल्या झटक्यानंतर डॉ. घोले यांना जे करता आले नाही, ते आज साध्या गोळ्यांनी होते. पुढचा झटका टाळण्याची ही उजळणी प्रत्येक हृदयरुग्णाने करावी.

पुढचा झटका टाळण्यासाठी

रक्तदाब. पक्षाघाताचे हे सर्वांत मोठे कारण आहे. बहुतेक हृदयरुग्णांसाठी तो १३०/८० च्या खाली ठेवायचे लक्ष्य असते. वयस्कर आणि अशक्त रुग्णांत डॉक्टर ते बदलतात. रक्तदाब नॉर्मल आला म्हणून गोळी बंद करू नका. तो गोळीमुळेच नॉर्मल आलेला असतो. मीठ कमी करताना फक्त भाजीतले बघू नका. लोणचे, पापड, खर्डा आणि ताटात वरून घेतलेले मीठही मोजा.

नाडी. मनगटावर बोट ठेवून महिन्यातून एकदा पूर्ण एक मिनिट नाडी मोजा. ठोके वेडेवाकडे पडत असतील तर ईसीजी काढा. अनियमित ठोके अधूनमधून येणारे असतील तर एका ईसीजीत सापडत नाहीत. मग चोवीस तास किंवा त्याहून अधिक काळ यंत्र लावून पाहावे लागते.

रक्त पातळ ठेवणारी औषधे. एट्रियल फिब्रिलेशनमध्ये ऍस्पिरिन पुरेसे नसते. वॉरफरिन किंवा तशाच औषधाने पक्षाघाताचा धोका सुमारे दोन तृतीयांशाने कमी होतो. नव्या गोळ्यांना वारंवार रक्ततपासणी लागत नाही. पण ज्यांची मायट्रल झडप संधिवाताच्या हृदयरोगाने बरीच अरुंद झाली आहे किंवा ज्यांना धातूची झडप बसवली आहे, त्यांना या नव्या गोळ्या चालत नाहीत. त्यांना वॉरफरिन किंवा असेनोकूमॅरॉलच घ्यावे लागते. शेजाऱ्याची गोळी चांगली आहे म्हणून बदल करू नका.

आयएनआर तपासणी. वॉरफरिन घेणाऱ्यांची ही तपासणी बहुतेकांमध्ये २ ते ३ दरम्यान हवी. काही कृत्रिम झडपांमध्ये ती त्याहून थोडी जास्त ठेवतात. सुगी असो वा लावणी, ठरलेली तारीख चुकवू नका. पालेभाजी बंद करायची गरज नाही, पण एक आठवडा रोज मेथी-पालक आणि पुढचा आठवडा अजिबात नाही, असे करू नका. अंगदुखीच्या गोळ्या, प्रतिजैविके आणि गावठी औषधे विचारल्याशिवाय घेऊ नका. कमरेत इंजेक्शन घेण्यापूर्वी आपण वॉरफरिनवर आहोत हे सांगा. काळी शी, हिरड्यांतून रक्त किंवा डोक्याला मार लागला तर लगेच दाखवा.

कोलेस्टेरॉल. एकदा मिनी स्ट्रोक किंवा हृदयविकाराचा झटका आला असेल तर स्टॅटिन गटातली गोळी सहसा कायमची असते. वाईट कोलेस्टेरॉल ७० च्या खाली ठेवण्याचा प्रयत्न असतो.

मानेच्या रक्तवाहिन्या. मिनी स्ट्रोकनंतर मानेचा डॉपलर करून घ्यावा. वाहिनी फारच अरुंद झाली असेल तर शस्त्रक्रियेचा फायदा पहिल्या दोन आठवड्यांत सर्वाधिक होतो.

तंबाखू आणि दारू. विडी, सिगारेट तर सोडाच. मिश्री, गुटखा आणि चुना-तंबाखूही सोडा. बायकांच्या मिश्रीविषयी घरात कोणी बोलत नाही, ते बोलले पाहिजे.

उपवास. श्रावणात आणि एकादशीला पुष्कळ लोक गोळ्याही सोडतात. गोळी म्हणजे अन्न नव्हे. पाण्याबरोबर घेतलेल्या गोळीने उपवास मोडत नाही. मधुमेहाच्या गोळ्या आणि इन्सुलिनबद्दल मात्र उपवासाआधी डॉक्टरांना विचारा.

वाहन. मिनी स्ट्रोकनंतर डॉक्टर परवानगी देईपर्यंत मोटारसायकल किंवा ट्रॅक्टर चालवू नका.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

छोटा झटका दोन महिन्यांपूर्वी येऊन गेला. आता जाऊन उपयोग आहे का?
आहे. सर्वांत मोठा धोका पहिल्या दिवसांत असतो, पण कारण शोधले नसेल तर ते अजून तिथेच आहे. या आठवड्यात जा. जुने इको, ईसीजी आणि गोळ्यांची पाकिटे बरोबर न्या.

ऍस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल दोन्ही दिले आहे. किती दिवस घ्यायचे?
काही मिनी स्ट्रोकनंतर ही जोडी साधारण तीन आठवडे देतात आणि मग एकच गोळी ठेवतात. हृदयात स्टेंट असेल तर हिशेब वेगळा असतो. चिठ्ठीवर तारीख लिहून मागा.

खर्चाचे काय?
राज्य सरकारच्या आरोग्य योजनेला जोतीरावांचेच नाव आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत हृदयाच्या आणि मेंदूच्या अनेक उपचारांचा समावेश आहे आणि पात्र कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण आहे. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसलेले असतात. रेशन कार्ड आणि आधार कार्ड घेऊन त्यांना भेटा. रक्तदाब आणि मधुमेहाच्या नेहमीच्या गोळ्या प्राथमिक आरोग्य केंद्रात आणि ग्रामीण रुग्णालयात मिळतात. पैसे नाहीत म्हणून गोळ्या बंद करण्याआधी तिथे एकदा विचारा.

घरच्यांनी आज करायचे एक काम

रुग्णाच्या सगळ्या गोळ्यांची नावे, त्याला कोणता हृदयरोग आहे ते, शेवटचा आयएनआर आणि रुग्णालयाचा फोन नंबर एका कागदावर लिहा. त्याचा मोबाइलने फोटो काढून घरातल्या प्रत्येकाला पाठवा. पुण्या-मुंबईला नोकरीला असलेल्या मुलालाही पाठवा, कारण रात्री दोन वाजता पहिला फोन त्यालाच जातो. जोतीरावांच्या पहिल्या झटक्यानंतर त्यांच्या घरच्यांना वाट पाहण्यापलीकडे काही करता येण्यासारखे नव्हते. आपल्याला आहे.

(ही माहिती सर्वसाधारण आरोग्य शिक्षणासाठी आहे. औषधे सुरू करणे, बदलणे किंवा थांबवणे हे आपल्या डॉक्टरांच्या सल्ल्यानेच करावे.)